कैरो ते अम्मान: महमूद अल गोहरी यांचं सगळ्यात मोठं काम कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इजिप्तमध्ये फुटबॉल प्रशिक्षक महमूद अल गोहरी यांना ‘जनरल’ म्हणतात आणि देव्हाऱ्यात बसवतात. पण १९९० चा विश्वचषक पाहिलेले आयर्लंड-इंग्लंडचे प्रेक्षक त्यांचं नाव निघालं की नाक मुरडतात. इजिप्तच्या संघावर ते चार वेळा आले आणि चारही वेळा गेले. मधल्या काळात अमिराती, ओमान, शेवटी जॉर्डन. मग हा माणूस खरंच मोठा प्रशिक्षक होता, की योग्य वेळी योग्य खुर्चीत सापडलेला? उत्तर आफ्रिकेचे प्रशिक्षक इतके देश का फिरतात? आणि आज प्रशिक्षणाचा परवाना घेणाऱ्या तरुणाने त्यांच्याकडून काय घ्यावं?

मोठा होता, यात मला शंका नाही. पण त्यांचा मोठेपणा सांगताना लोक १९९८ च्या आफ्रिका चषकापासून सुरुवात करतात, आणि माझं भांडण तिथेच आहे. माझ्या लेखी पहिला क्रमांक जॉर्डनचा, दुसरा १९९० च्या संघाचा आणि चषक जिंकलेलं १९९८ तिसरं. प्रशिक्षकाचं काम मोजताना त्याच्या हाती काय सामान आलं आणि त्यातून त्याने काय उभं केलं, हे पाहायचं असतं. कपाटातल्या ट्रॉफीवरून त्यातलं अर्धंच कळतं.

खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द छोटी आणि झगझगीत. जन्म १९३८ चा, कैरोचा. क्लब अल अहली. १९५९ चा आफ्रिका चषक कैरोतच झाला, संघ जेमतेम तीन: यजमान, सुदान आणि इथिओपिया. इथिओपियाला ४-० ने हरवताना गोहरींनी तीन गोल केले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांच्याच नावावर राहिले. पुढे गुडघ्याने दगा दिला. ते लष्करात अधिकारी होते, १९७३ च्या युद्धातही होते. ‘जनरल’ हे नाव नुसतं कौतुकाचं नाही. प्रशिक्षक म्हणून पहिलं ठसठशीत यश १९८२ चं. अल अहलीने आफ्रिकेचा क्लब-चषक पहिल्यांदा जिंकला, अंतिम फेरीत घानाच्या असांते कोटोकोला हरवून. हा कोटोको पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९८८ मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला तेव्हा इजिप्त शेवटचा विश्वचषक खेळल्याला अर्धशतक उलटून गेलं होतं. तो १९३४ चा. पात्रतेची शेवटची पायरी अल्जीरियाविरुद्ध होती. कॉन्स्टंटाईनला ०-०, आणि १७ नोव्हेंबर १९८९ ला कैरोत १-०. चौथ्याच मिनिटाला होसाम हसनचा हेडर. सामन्यानंतर जी हाणामारी झाली तिची कटुता पुढे कितीतरी वर्षं पुरली. पण मैदानावरची गोष्ट साधी होती: बाहेर गोल खाल्ला नाही, घरी लवकर केला आणि उरलेली ८६ मिनिटं सांभाळला. गोहरींचा सगळा संसार या दोन सामन्यांत दिसतो.

त्यानंतर त्यांनी जे मागितलं ते आज कोणताही महासंघ देणार नाही. १९८९-९० चा इजिप्तचा लीग हंगामच रद्द झाला, कारण राष्ट्रीय संघाला तयारी करायची होती. मार्च १९९० चा आफ्रिका चषक अल्जीरियात होता. तिथे इजिप्तने दुय्यम संघ पाठवला आणि तो तिन्ही सामने हरून परतला. मुख्य संघ मात्र महिनोन् महिने शिबिरात, सराव सामन्यांत. मे महिन्यात त्यांनी ॲबर्डीनला जाऊन स्कॉटलंडला ३-१ ने हरवलं तेव्हा युरोपातल्या काहींचे कान टवकारले असतील.

शिबिराचं महत्त्व प्रशिक्षण न केलेल्या माणसाला चटकन कळत नाही. दोन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, समोरच्या आघाडीपटूंना माणसाला माणूस लावून ठेवायचे आणि त्यांच्या मागे एक मोकळा स्वीपर, ही रचना कागदावर कुणीही काढतो. ती चालते तेव्हा, जेव्हा स्वीपरला स्टॉपर हरणार हे त्याच्या आधी कळतं. ते फळ्यावर शिकवता येत नाही, एकत्र खेळूनच येतं. बचावपटू हानी रम्झी तेव्हा जेमतेम एकविशीचा. त्याच्या पायात ती समज शिबिराने घातली. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला एरवी खेळाडू भेटतात ते चार-सहा दिवस. गोहरींनी राष्ट्रीय संघाला क्लब करून टाकलं. क्लबांचं त्यात नुकसान झालं, प्रेक्षकांचा हंगाम गेला, आफ्रिका चषकात देशाची शोभा झाली. हा सौदा योग्य होता का, यावर वाद होऊ शकतो. मला तो योग्य वाटतो, पण त्याची किंमत विसरून नव्हे.

१२ जून, पालेर्मो. समोर नेदरलँड्स, दोन वर्षांपूर्वीचा युरोप विजेता: गुलीट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, कूमन. इजिप्त बचावाला बसेल असं धरून जे तो सामना पाहायला बसतात ते चकित होतात, कारण इजिप्त खेळतो. चेंडू जमिनीवर, छोटे पास, बाजूने धावा. कीफ्टने डच गोल केला तरी संघ मोडला नाही, आणि ८३ व्या मिनिटाला मगदी अब्देलघनीने पेनल्टीवर बरोबरी साधली. त्या दिवशी चांगला खेळलेला संघ इजिप्तच होता, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

आता आयर्लंड. १७ जून, तेच मैदान, ०-०. या एका सामन्याने गोहरींच्या कपाळावर शिक्का बसला. चेंडू मागे गोलरक्षक शोबेरकडे, त्याने हातात घ्यायचा, बचावपटूकडे लोटायचा, पुन्हा परत घ्यायचा. तेव्हा ते नियमात बसत होतं. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही हा नियम आला, आणि त्याची पार्श्वभूमी सांगताना हा सामना हमखास आठवला जातो. आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्ल्टन तर जाम चिडले.

पण जरा हिशोब मांडू. इजिप्त, आयर्लंड, नेदरलँड्स आणि इंग्लंडच्या त्या ‘एफ’ गटात सहा सामने झाले, त्यातले पाच बरोबरीत सुटले. संपूर्ण गटात सात गोल. तक्रार करणाऱ्या आयर्लंडने स्वतः पूर्ण स्पर्धेत पाच सामने खेळून दोन गोल केले आणि एकही सामना ठरल्या वेळात न जिंकता उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यांचा खेळ म्हणजे लांब चेंडू उडवायचा आणि समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात चूक करायला लावायचं. त्या सापळ्यात पाय न घालण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चेंडू आपल्याकडे ठेवणं. गोहरींनी तेच केलं, इतकं केलं की पाहवेना. सुंदर होतं का? मुळीच नाही. प्रशिक्षक म्हणून चूक होतं का? मला तसं वाटत नाही.

कारण चोवीस संघांच्या त्या स्पर्धेत सहा गटांतल्या चार तिसऱ्या संघांनाही पुढे जागा होती. शेवटच्या सामन्यात २१ जूनला काल्यारीत इंग्लंडच्या मार्क राइटने फ्री किकवर हेडर मारला आणि इजिप्त १-० ने हरला. तो गोल झाला नसता तर चारही संघ तीन-तीन गुणांवर आले असते. आयर्लंड आणि नेदरलँड्सचे गोल दोन-दोन, इंग्लंड आणि इजिप्तचा एक-एक. म्हणजे तिसरी जागा इंग्लंडची की इजिप्तची हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागलं असतं, आणि तीन गुणांवरचा तिसरा संघ पुढे गेलाच असता. आणखी अर्धा तास बचाव टिकला नाही, म्हणून त्यांचा हिशोब चुकला. हिशोबच चुकीचा होता असं म्हणणाऱ्यांनी गुणतक्ता पुन्हा पाहावा.

त्यांची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. ही सगळी इमारत शिबिरावर उभी होती. खेळाडू पांगले की ती खिळखिळी होई. विश्वचषकानंतर हसन बंधू, रम्झी वगैरे युरोपात गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रीसने मैत्रीपूर्ण सामन्यात ६-१ धुतलं. गोहरींची गच्छंती झाली. एका मैत्रीपूर्ण सामन्यावरून विश्वचषकाला नेणारा प्रशिक्षक काढणं हा महासंघाचा उथळपणा होता, पण सहा गोलही काही आकाशातून पडले नव्हते.

पुढच्या वर्षी परत बोलावलं. १९९२ च्या आफ्रिका चषकात दोन्ही सामने हरले, त्याच वर्षी अरब चषक जिंकला. मग झिम्बाब्वेचं प्रकरण. २८ फेब्रुवारी १९९३ ला कैरोत इजिप्तने विश्वचषक पात्रतेचा सामना २-१ ने जिंकला, पण प्रेक्षकांनी पाहुण्यांवर वस्तू फेकल्या, झिम्बाब्वेचे प्रशिक्षक राइनहार्ड फाबिश यांना लागलं. फिफाने निकाल रद्द करून सामना फ्रान्समध्ये लिआँला पुन्हा खेळवला. इजिप्तला विजय हवा होता, ०-० झाला. गॅलरीतून आलेल्या दगडाने विश्वचषक गेला आणि प्रशिक्षकही गेला. यात गोहरींचा दोष काढायचा तर एवढाच निघतो: गोल करायलाच हवा अशा रात्री त्यांच्या संघाकडे दुसरी चाल नव्हती. हे पुढेही दिसत राहिलं.

यानंतर त्यांनी जे केलं ते कैरोबाहेरच्या माणसाला नीट समजत नाही. अल अहलीचा हा मुलगा कैरोतल्याच कट्टर प्रतिस्पर्धी झमालेकला गेला. कोल्हापुरात पाटाकडील तालमीत घडलेला माणूस उद्या दिलबहारच्या बाकावर बसला तर पेठेत काय बोललं जाईल? कैरोत तेच अख्ख्या देशाने बोललं. गोहरींनी उत्तर मैदानात दिलं. १९९३ चा आफ्रिकेचा क्लब-चषक झमालेकने जिंकला. अंतिम फेरीत पुन्हा असांते कोटोको, दोन्ही सामने गोलशून्य, पेनल्टीवर ७-६. आणि जानेवारी १९९४ मध्ये जोहान्सबर्गला आफ्रिकेच्या सुपर कपमध्ये झमालेकने अल अहलीलाच १-० ने हरवलं. त्यानंतर अमिरातीत अल वहदा, मग ओमानचा राष्ट्रीय संघ.

उत्तर आफ्रिकेचे प्रशिक्षक इतके का फिरतात, हा प्रश्नातला उपप्रश्न. एक कारण पैसा, दुसरं भाषा. इजिप्तच्या माणसाला आखातात आणि शामच्या देशांत (सीरिया, लेबनॉन, जॉर्डन) दुभाषी लागत नाही. अल्जीरिया-मोरोक्कोच्या प्रशिक्षकांना फ्रेंचमुळे खालचा आफ्रिकाही मोकळा. अल्जीरियाचे आदेल अम्रूश बुरुंडी, केनिया, बोत्स्वाना, टांझानिया, रवांडा करत फिरले आणि मधे येमेनही केलं. तिसरं कारण म्हणजे मायदेशातली खुर्ची कमालीची अस्थिर. एक वाईट संध्याकाळ आणि सामान बांधा. गोहरींच्या बाबतीत हे तिसरं कारण सगळ्यात जड होतं.

१९९८ चा आफ्रिका चषक, बुर्किना फासो. इजिप्तच्या संघावर गोहरींची ही तिसरी खेप. गोहरींनी जाण्याआधी सांगून टाकलं की आम्ही तेरावे येऊ. सोळा संघांत तेरावे! लोक याला विनोद समजतात. मला ते अपेक्षांचं ओझं खेळाडूंच्या मानेवरून काढून स्वतःच्या मानेवर घेणं वाटतं. सगळ्यात मोठा वाद होसाम हसनच्या निवडीचा. वय ३१, वृत्तपत्रं म्हणत होती की तो संपला. गोहरींनी नेलाच. इजिप्तने सहा सामन्यांत दहा गोल केले, त्यातले सात होसामचे. गोल खाल्ला फक्त एक, तो मोरोक्कोच्या मुस्तफा हाजीचा, शेवटच्या क्षणी मारलेल्या उलट्या किकवर. उपांत्यपूर्व फेरीत आयव्हरी कोस्टशी गोलशून्य, पेनल्टीवर ५-४. उपांत्य फेरीत यजमानांना २-० आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला २-०, तेही पहिल्या तेरा मिनिटांत: अहमद हसन, मग तारेक मुस्तफा. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून आफ्रिका चषक जिंकणारे ते पहिले. नंतर हे नायजेरियाच्या स्टीफन केशी यांना जमलं.

मग हे तिसऱ्या क्रमांकावर का? कारण सामान उत्तम होतं. नादर अल सय्यदसारखा गोलरक्षक, युरोपात मुरलेला रम्झी, होसाम हसन. जिंकणं कठीणच होतं, पण इजिप्तने आफ्रिका चषक जिंकणं हे अघटित नव्हतं. १९९९ ला मेक्सिकोत कॉन्फेडरेशन्स कपमध्ये बोलिव्हिया आणि यजमानांशी २-२ अशा चांगल्या बरोबऱ्या झाल्या आणि मग सौदीने ५-१ ने लोळवलं. पुन्हा गच्छंती, २००० ला पुन्हा बोलावणं. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रतेत सेनेगल आणि मोरोक्कोच्या मागे तिसरं स्थान, त्या वर्षीच्या आफ्रिका चषकात कॅमेरूनकडून उपांत्यपूर्व फेरीत १-० ने पराभव. चौथी खेपही संपली. वय चौसष्ट.

इथे बहुतेक लोक चरित्र मिटतात. माझ्या मते ते इथून वाचायला लागावं.

गोहरी जॉर्डनचे प्रशिक्षक झाले तेव्हा तो देश आशिया चषक एकदाही खेळलेला नव्हता. लीग छोटी, खेळाडू जवळपास सगळे देशातच, पैसा बेताचा. त्यात अम्मानच्या दोन मोठ्या क्लबांचं, अल फैसली आणि अल वहदात यांचं वैर. वहदात पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीतून उभा राहिलेला क्लब, त्यामुळे या वैराला खेळापलीकडचे पदर. राष्ट्रीय संघ मात्र दोन्हीकडच्या मुलांनीच भरायचा. अहली आणि झमालेक दोन्हींच्या बाकावर बसून शिव्या आणि हार दोन्ही घेतलेल्या माणसाला ही खोली सांभाळणं जमलं, यात मला काही योगायोग दिसत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. जॉर्डनच्या खेळाडूंना युरोपातून मागणी नव्हती. म्हणजे १९८९ ला ज्यासाठी देशाची लीग बंद पाडावी लागली, ते सततचं एकत्र राहणं इथे जवळजवळ आयतं मिळालं. दोन वर्षांत संघ बदलला. ३१ मार्च २००४ ला तेहरानमध्ये इराणला १-० ने हरवलं. परतीच्या सामन्यात अम्मानला इराणने २-० ने उट्टं काढलं आणि विश्वचषकाचा रस्ता बंद झाला. घरच्या मैदानावर पुढाकार घ्यायची वेळ आली की तीच जुनी अडचण.

पण त्या उन्हाळ्यात चीनमध्ये आशिया चषक झाला. दोन वर्षांपूर्वी विश्वचषकाची उपांत्य फेरी खेळलेल्या दक्षिण कोरियाशी ०-०, कुवेतवर २-०, अमिरातीशी ०-०. पदार्पणाच्या गटात एकही गोल खाल्ला नाही. ३१ जुलैला चोंगकिंगमध्ये गतविजेत्या जपानविरुद्ध अकराव्या मिनिटाला महमूद शेलबायाने जॉर्डनला पुढे नेलं, तीनच मिनिटांत सुझुकीने बरोबरी केली, आणि मग १२० मिनिटांपर्यंत काही हललं नाही. पेनल्टीत जपानच्या पहिल्या दोघांचे, नाकामुरा आणि सांतोस यांचे, टेकलेल्या पायाखालची हिरवळ सरकून नेम चुकले. तेव्हा जपानचा कर्णधार मियामोतो पंचांकडे गेला आणि पेनल्टी मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या गोलपोस्टवर घ्यायला मागितल्या. पंचांनी मान्य केलं! टायब्रेकर चालू असताना बाजू बदललेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. जपान ४-३ ने सुटला आणि पुढे चषकही त्यानेच नेला. ऑगस्टमध्ये फिफा क्रमवारीत जॉर्डन ३७ वा होता. इतक्या वर तो देश कधी गेला नव्हता.

२००७ चा आशिया चषक हुकला आणि गोहरी बाकावरून उठले, पण दोन वर्षांनी जॉर्डन महासंघाचे सल्लागार म्हणून परत अम्मानला आले. त्यांच्या काळात खालच्या वयोगटांकडे जे लक्ष गेलं त्याचं फळ आपल्याच देशात दिसलं: २००६ ची आशियाई युवा स्पर्धा कोलकाता आणि बंगळुरूला झाली, तीत जॉर्डन चौथा आला आणि २००७ च्या युवा विश्वचषकासाठी कॅनडाला गेला. त्या संघाचे प्रशिक्षक गोहरी नव्हते, हे मुद्दाम सांगतो, कारण जॉर्डनमधलं सगळंच त्यांच्या खात्यावर टाकायची सवय वाईट. २०१३ मध्ये विश्वचषकाच्या उंबरठ्यावर उरुग्वेशी खेळलेल्या जॉर्डनच्या बाकावर होसाम हसन होता. २०२४ च्या सुरुवातीला आशिया चषकाचा अंतिम सामना खेळलेला संघ हुसेन अमूता यांचा आणि २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरलेला जमाल सेल्लामी यांचा. दोघेही मोरोक्कोचे. गोहरींपासून इथवर सरळ रेघ ओढता येत नाही. मधे वीस वर्षं आणि कितीतरी माणसं आहेत. तरी उत्तर आफ्रिकेच्या माणसावर विश्वास टाकून संघ सोपवायची अम्मानची तयारी गोहरींच्या काळात पक्की झाली, असं मला वाटतं. ३ सप्टेंबर २०१२ ला ते गेले तेही अम्मानमध्येच.

उरला तरुण प्रशिक्षकाचा प्रश्न. माणसाला माणूस लावणं आणि मोकळा स्वीपर आता जुनं झालं, ते उचलू नका. मुलांना मागे पास देऊन वेळ काढायला तर शिकवूच नका. पुस्तक बाजूला ठेवून दोन सामने पूर्ण बघा. आधी १९९० चा नेदरलँड्सचा. चेंडू डाव्या बगलेवर असताना उजवीकडचा इजिप्शियन मध्यरक्षक कुठे उभा आहे, एवढंच पहिल्या अर्ध्यात पाहा. मग जॉर्डन-जपान, आणि तिथे शेलबायाच्या गोलपेक्षा सुझुकीच्या बरोबरीनंतरची दहा मिनिटं जास्त लक्ष देऊन पाहा. लहान संघ मोठ्यासमोर आघाडी गमावतो तेव्हा त्याच्या ओळींमधलं अंतर वाढायला लागतं. जॉर्डनच्या ओळींमध्ये ते किती वाढतं, ते थांबवून थांबवून मोजा, आणि तुमच्या संघाच्या मागच्या पराभवाचं चित्रीकरण असेल तर तेही शेजारी लावून मोजा.